भांड्यावरचं नाव

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं किल्ले येतात, तलवारी येतात, तह आणि सनावळ्या येतात. आमच्या सिल्लोडहून असईची रणभूमी फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ ही तारीख तिथल्या लढाईची. कोणत्या बाजूनं किती तोफा होत्या, हे पुस्तकात मिळतं. पण त्या दिवशी आसपासच्या गावांत चुलीवर काय शिजत होतं, पाणी कशात भरून ठेवलं होतं, घाईघाईनं घर सोडताना बायकांनी कोणतं भांडं डोक्यावर घेतलं आणि कोणतं विहिरीत टाकलं, याची नोंद करणं कुणालाही महत्त्वाचं वाटलं नाही. राज्यं कागदावर लिहिली गेली. घरं मात्र कागदावर फारशी आली नाहीत. ती वस्तूंत राहिली.

म्हणून मला घरातल्या वस्तूंचं संग्रहालय हा इतिहासाचा मोठाच ग्रंथ वाटतो. मराठी माणसापाशी असा एक ग्रंथ आहे. पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ, तीन मजली इमारतीत तो उघडून ठेवलेला आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालय. मराठवाड्यातून पुण्याला जाणारा माणूस शनिवारवाडा बघतो, दगडूशेठ बघतो, सारसबागेत भेळ खातो आणि परत येतो. त्यानं तीन तास काढून हे संग्रहालय बघावं, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

हे उभं केलं एका कवीनं. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. जन्म १८९६ चा, मृत्यू १९९० चा. पोटापाण्याचा धंदा चष्म्याचा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला आणि पुढची साठ-सत्तर वर्षं तो सुटला नाही. मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला. त्याच्या नावानं हे संग्रहालय आहे. पुष्कळांना वाटतं, राजा दिनकर केळकर हे संस्थापकाचंच नाव. तसं नाही. आपल्याकडं नाव लिहिण्याची रीत आठवा : आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. राजा, दिनकरचा मुलगा, केळकर. दारावर लिहिलेलं आहे ते त्या सात वर्षांच्या पोराचं पूर्ण नाव. बापानं स्वतःसाठी त्यात मधली जागा ठेवली.

१९६२ साली संग्रहालय रीतसर स्थापन झालं आणि १९७५ साली केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत. एका वेळी मांडलेल्या असतात त्या अडीच हजारांच्या आसपास. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई बरोबरीनं होत्या, हेही सांगायला हवं, कारण स्वयंपाकघरातली कोणती वस्तू कशासाठी असते, हे घरातल्या बाईला जितकं कळतं तितकं पुरुषाला कळत नाही.

काय आहे तिथं? मस्तानीचा महाल आहे. कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून तो तिथं पुन्हा उभा केला आहे. गर्दी तिथंच जास्त होते आणि ते साहजिक आहे. पण मला थांबवतात त्या साध्या वस्तू. सुपारी कातरायचे अडकित्ते. पाय घासायच्या वज्री. समया, लामणदिवे, हातदिवे. दौती, कलमदानं, कुलपं, कंगवे, सोंगट्या. स्वयंपाकाची भांडी तर किती सांगावीत! आणि प्रत्येक वस्तूवर कुणीतरी जीव लावलेला. सुपारी कातरायला दोन पाती पुरेशी होती. पण कारागिरानं त्यांचा घोडा केला, पोपट केला, नवरा-बायकोची जोडी केली. टाचेचा मळ काढायला विटेचा तुकडाही चालतो. पण वज्रीच्या मुठीवर मोर बसला, हत्ती उभा राहिला. बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. म्हणजे पानिपत झालं, पेशवाई गेली, कंपनी आली, १८५७ झालं, दुष्काळ पडले आणि या सगळ्यात कुणीतरी निवांत बसून अडकित्त्याच्या पात्यावर पोपटाची चोच कोरत होता. इतिहासाची ही बाजू आपल्याला क्रमिक पुस्तकात भेटत नाही.

दुसरी गोष्ट. अडकित्ता, पानदान, चुनाळं, पिकदाणी यांच्याकडं बघून हे घर हिंदूचं की मुसलमानाचं, हे सांगा पाहू! नाही सांगता येणार. आमच्या दादीच्या पानदानातही तेच होतं, जे शेजारच्या देशपांडे-कुलकर्ण्यांच्या पानाच्या डब्यात होतं : सुपारी, चुना, कात, लवंग, वेलदोडा. आम्ही पिकदाणीला उगालदान म्हणायचो, इतकाच फरक. तोटीचा तांब्या आमच्याकडं वजूसाठी असायचा आणि त्याला बधना म्हणत. तसाच तोटीचा तांब्या, आकारानं जरा लहान, शेजारी झारी या नावानं पूजेपाशी असायचा. बनवणारा तांबट किंवा कासार एकच. त्याला पाणी कशासाठी ओतणार याच्याशी कर्तव्य नव्हतं. तोटीतून धार सरळ पडली पाहिजे, एवढंच तो बघायचा.

आता भांड्यांच्या कपाटापाशी या. तांब्या-पितळेची भांडी चकचकीत मांडलेली असतात आणि लोक त्यांची बाहेरची बाजू बघतात. मी वाकून आतली बाजू बघतो. त्याला कारण आहे. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, कल्हई करायचे.

आजच्या पोरांना कल्हई म्हणजे काय ते सांगावं लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं. ताक, चिंचेचं सार, लिंबू घातलेलं वरण, काहीही. खाल्लं तर पोट बिघडतं, जास्त झालं तर जिवावर येतं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. ती कल्हई. नाना जमिनीत खड्डा करून भट्टी लावायचे, शेजारी भाता. भांडं चिंचेनं, वाळूनं घासून घ्यायचं, निखाऱ्यावर तापवायचं. तापलं की आत नवसागराची पूड मारायची. पांढराशुभ्र धूर उठायचा आणि नाकात झिणझिण्या यायच्या. मग कथलाची कांडी टेकवायची आणि ती वितळली की कापसाच्या बोळ्यानं भराभर सगळीकडं फिरवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ अंशांना. नानांना हे आकडे ठाऊक नव्हते. भांड्याच्या रंगावरून त्यांना कळायचं की आता टेकवायची. शेवटी भांडं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज व्हायचा आणि आत चांदी चमकायची.

आमच्या भागात कल्हईवाले बहुतेक मुसलमान. दिवाळीच्या आधी, लग्नसराईत, रमजानच्या आधी त्यांना उसंत नसायची. नाना गावोगाव फिरत. वाड्याच्या अंगणात भट्टी लागली की घरातली सगळी भांडी बाहेर यायची. ज्या भांड्यात देवाचा नैवेद्य शिजणार, ते आतून मुसलमानाच्या हातानं उजळलेलं असायचं. कुणाच्याही मनात किंतु यायचा नाही, कारण अग्नीतून निघालं की भांडं शुद्ध, अशी समजूत. नानांना चहा मात्र कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपातून मिळे आणि तो कप त्यांनीच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा असे. सगळ्याच घरांत असं नव्हतं. काही घरांत त्यांना ओसरीवर बसवून जेवायला वाढत. नाना दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगायचे. मीही त्या तशाच सांगतो, कारण घराचा इतिहास सांगायचा तर भांडं आणि कप दोन्ही सांगायला हवेत. नुसतं भांडं सांगितलं तर ते गोड स्वप्न होईल आणि नुसता कप सांगितला तर तो खटला होईल.

संग्रहालयातल्या बहुतेक पट्ट्यांवर वस्तूचं नाव, धातू, प्रदेश, शतक असतं. ते आवश्यकच आहे. पण ही वस्तू कुणी घडवली, कुणी वापरली, कुणी आतून उजळली, ते तिथं नसतं. यात संग्रह करणाऱ्यांचा दोष नाही. वस्तू बाजारात येते तेव्हाच नाव गळून पडलेलं असतं. विकणाऱ्याला घराची अब्रू झाकायची असते आणि दुकानदाराला वजनाशी मतलब असतो.

आणि तरीही आपल्या बायकांनी, कुणी न शिकवता, यावर एक उपाय शोधला होता. भांड्यावर नाव घालायचं! लग्नातल्या भांड्यांवर, वाढदिवसाच्या वाटीवर, बारशाच्या पेल्यावर. पूर्वी कासार बारीक छिन्नीनं टिंबं-टिंबं ठोकून नाव घालायचा, पुढं दुकानात यंत्र आलं. चि. सौ. कां. अमुक हिला मामाकडून, खाली तारीख. लग्नात बाईचं नाव बदलायची रीत पुष्कळ घरांत होती. सासरी गेल्यावर जुनं नाव कुणी उच्चारायचं नाही. पण माहेरहून आलेल्या तांब्यावर ते तसंच कोरलेलं राहिलेलं मी पाहिलं आहे. सातबारावर बाईचं नाव नव्हतं, दारावरच्या पाटीवर नव्हतं, ते होतं कळशीच्या गळ्याशी. आमच्याकडं जहेजच्या भांड्यांवर नाव उर्दूत असायचं. दादीच्या बधन्यावर तिचं नाव आहे, तिच्या वडिलांचं नाव आहे आणि गावाचं नाव आहे.

आता मी तुम्हाला सिल्लोडच्या शेजारी, भोकरदनला नेतो. केळणा नदीकाठचं हे गाव आज जालना जिल्ह्यात तालुक्याचं ठिकाण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं भोगवर्धन. व्यापारी मार्गावरचं संपन्न नगर. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर जे दानलेख आहेत, त्यांत भोगवर्धनहून आलेल्या दात्यांचा उल्लेख आहे. सांचीचे हे लेख अगदी छोटे असतात. अमुक गावच्या अमक्याचं दान, इतकंच. देणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. मला हे वाचलं तेव्हा भांडीच आठवली. कोण, कुणाची, कुठली, काय दिलं. दगडावरचा तो मजकूर आणि कळशीवरचा हा मजकूर यांची घडण एकच आहे.

भोकरदनला १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं. देव आणि गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्यात हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. आता इटलीत चला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट होऊन पाँपेई हे शहर राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. वीतभर उंचीची, दोन्ही बाजूंना दासी उभ्या. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळालेली मूर्ती आणि भोकरदनचा तुकडा यांच्याशी तिचं साम्य आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं. ती आरशाची मूठ असावी की एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय, यावर अजून चर्चा चालते. काहीही असो, ती घरात वापरायची वस्तू होती. म्हणजे आमच्या या कोरड्या भागाचं रोमन जगाशी नातं होतं, याचा पुरावा म्हणून आज जी वस्तू पुढं येते, ती तलवार नव्हे की ताम्रपट नव्हे. कुणाच्या तरी घरातलं सामान आहे ते.

तेरचंच आणखी एक सांगतो. तिथं आज सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, त्याचं नाव रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. लामतुरे गावातलेच. पांढरीच्या टेकाडांवरून जे मिळेल ते त्यांनी गोळा करून जपलं आणि त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. तेव्हा अशी कामं पुण्या-मुंबईतच होतात, असं समजायचं कारण नाही.

पण एक कठीण प्रश्न उरतो. कुणाची वस्तू उरते? जिला विकावं लागत नाही त्याची. १९७२ च्या दुष्काळात मी अगदी लहान होतो. पुढं अम्मी सांगायची, त्या वर्षी घरातला मोठा हंडा गेला, परात गेली, घंगाळ गेलं. लोक खडी फोडायला जात, मिलोच्या भाकरी खात आणि मोडीच्या दुकानापुढं रांग लागलेली असे. तांबं वजनावर गेलं आणि भट्टीत वितळलं. त्याबरोबर त्यांच्यावरची नावंही वितळली. अम्मी मात्र हळहळायची नाही. ‘हंडा गया तो गया, चूल्हा तो जला ना,’ एवढंच म्हणायची. दादीचा बधना वाचला, कारण नमाजाला रोज लागत होता. ज्यांच्याकडं आधीपासून मातीचीच भांडी होती, त्यांच्याकडं तर मोडीत घालायलाही काही नव्हतं. त्यांचा इतिहास खापरांत गेला. दुष्काळ सरला तोवर जर्मनची भांडी आली होती, मागोमाग स्टील आलं. ज्यांनी हंडे वाचवले होते, त्यांनीही ते देऊन स्टीलचे डबे घेतले. त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. स्टीलला कल्हई लागत नाही, राखेनं तासभर घासावं लागत नाही. बाईचे मनगट सुटले. नानांचा धंदा मात्र बसला. शेवटी शेवटी ते भात्याच्या कातड्याला तेल लावत नुसते बसून राहात.

मध्यमवर्गाच्या घराचं संग्रहालय बघताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपण जे बघतो आहोत ते घर खरं आहे, सुंदर आहे, पण गावातलं एकच घर आहे. त्याच्या मागं अशी शंभर घरं होती, ज्यांचं काहीच कपाटात आलं नाही.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात एक संग्रहालय आहे. चाळीसारख्या इमारतीतलं चार खोल्यांचं साधं घर. तिथं अ‍ॅग्नेस टॉवर्ड नावाची एक बाई १९११ पासून १९६५ पर्यंत राहिली. ती ना राणी होती, ना लेखिका. कचेरीत लघुलेखन आणि टंकलेखनाची नोकरी करायची. तिनं काही टाकलं नाही, एवढंच तिचं कर्तृत्व. बिलं, पत्रं, औषधांच्या बाटल्या, सगळं जपलं. १९८२ साली तिथल्या राष्ट्रीय न्यासानं ते घर ताब्यात घेतलं आणि आज जगभरातून लोक ते बघायला येतात. एका साध्या नोकरदार बाईचं नाव तिच्या घरासकट उरलं. पुण्याच्या संग्रहात वीस हजार वस्तू आहेत, तिथं एकाच बाईच्या मोजक्या वस्तू आहेत, पण त्या कुणाच्या हे ठाऊक आहे. मला वाटतं, आपल्याला दोन्ही हवं. केळकरांची नजर हवी आणि त्या बाईचं नावही हवं.

मग आपण काय करायचं? संग्रहालय बांधायला पैसा लागतो, जागा लागते, सरकार लागतं. ते होईल तेव्हा होवो. पण नावं लिहून ठेवायला काही लागत नाही. माझी वाचकांना विनंती आहे, विशेषतः तालुक्याच्या आणि खेड्यांच्या वाचकांना. माळ्यावर, पलंगाखाली, कोठीत जे जुनं पडलं असेल ते एकदा बाहेर काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला समोर बसवा. आई असेल, आजी असेल, आत्या असेल, खाला असेल. तिला विचारा आणि एका वहीत लिहून घ्या. पाच रकाने करा. वस्तू कोणती, कुणाची होती, कुठून आली, कशाला वापरत आणि घरात तिला काय म्हणत.

शेवटचा रकाना मी कवी म्हणून मागतो आहे. वस्तू गेली की तिचा शब्दही जातो. घंगाळ, कासांडी, गडवा, सतेलं, शिंकाळं, उतरंड, सरपोश, उगालदान, लगन. यातले किती शब्द तुमच्या नातवंडांना कळतात, ते आज जेवताना विचारून बघा. आमच्या घरांत दखनी आणि मराठी एकाच चुलीवर शिजल्या, तेव्हा एका भांड्याला दोन-दोन नावं निघतील. दोन्ही लिहा. कल्हईवाला कुठला होता, कासार कुठला होता, कुंभारीण कोणत्या वारी यायची, तेही आठवत असेल तर लिहा. आणि जे विकावं लागलं, त्याचीही नोंद करा. हंडा, इतक्या शेरांचा, दुष्काळात मोडला. ज्या घरातून काही उरलं नाही, त्या घराची वहीसुद्धा भरली पाहिजे.

शाळांतल्या गुरुजी-बाईंनी मनावर घेतलं तर एका सुट्टीत गावाचा असा इतिहास तयार होईल, जो कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. मुलांना परीक्षेला तो येणार नाही, हे खरं. पण आपली पणजी काय नावाची होती, हे पोराला भांडं वाचून कळलं, तर इतिहासाचा पहिला धडा झालाच म्हणायचा.

वही घ्याल तेव्हा दोनशे पानी घ्या. एकदा बाई बोलायला लागली की शंभर पानं पुरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.